शेवाळालाही रोग होतो! भाताचं शेवाळखत आणि त्याचे विषाणू



भाताला करपा येतो, खोडकिडा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. कोंबड्यांना मानमोडी येते, गुरांना लाळ-खुरकूत होते, हेही तुम्ही पाहिलेलं आहे. पण पाण्यावरच्या शेवाळालाही साथीचा रोग होतो, असं कुणी म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, "शेवाळ मेलं तर बरंच झालं की! त्यात काय एवढं?"

मात्र ज्यांनी भातासाठी घरच्या घरी शेवाळखत तयार करून पाहिलं आहे, त्यांना हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. उन्हाळ्यात खड्डा खणायचा, माती-पाणी-फॉस्फेट घालायचं, वरून शेवाळाचं बियाणं टाकायचं. आठवडाभर सगळं ठीक चालतं, पाण्यावर साय धरते. आणि एके दिवशी सकाळी जाऊन पाहावं, तर साय जागोजाग फाटलेली, पाणी पिवळट आणि दोन दिवसांत सगळं निवळशंख! कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं बियाणंच खोटं होतं.

दृष्टीचा यात काही संबंध नाही, आणि बियाणं खोटं असेलच असंही नाही. कारणं तीन-चार असतात. त्यांतलं एक कारण डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. ते म्हणजे शेवाळाला लागणारा विषाणू. तो काय करतो, कुठून येतो आणि त्याच्यापासून आपलं शेवाळखत कसं वाचवायचं, ते या पत्रकात सांगितलं आहे.

सगळं शेवाळ एका जातीचं नसतं

विहिरीच्या पायऱ्यांवर पाय घसरवणारं हिरवं शेवाळ वेगळं आणि भातखाचरात खत तयार करणारं शेवाळ वेगळं. खताच्या शेवाळाला नील-हरित शेवाळ म्हणतात. त्याचा रंग निळसर हिरवा, कधी काळपट, कधी तपकिरी असतो. पावसाळ्यात बांधावर किंवा खाचरात जेलीसारखे बुळबुळीत हिरवे गोळे दिसतात ना, तोही त्यातलाच एक प्रकार. त्याचं नाव नॉस्टॉक. ॲनाबिना, टॉलिपोथ्रिक्स, ऑलोसिरा हे त्याचे भाऊबंद.

आपल्या भोवतालच्या हवेत पाच भागांपैकी जवळजवळ चार भाग नत्रच आहे. पण भाताला तो हवेतून उचलता येत नाही. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू जसं हवेतलं नत्र धरून देतात, तसंच काम हे नील-हरित शेवाळ खाचरातल्या पाण्यात करतं. भातखाचराची सुपीकता टिकण्यात या शेवाळाचा वाटा आहे, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३९ साली दाखवून दिलं. पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयातल्या आर. एन. सिंह यांनी उत्तर भारतातल्या क्षारपड जमिनी या शेवाळाच्या मदतीने सुधारता येतात, असं १९५० साली मांडलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी शेवाळखत घरच्या घरी तयार करण्याची सोपी पद्धत बसवून दिली. आज आपण खड्ड्यात जे करतो, ते तिथूनच आलेलं आहे.

हिशेब सांगायचा तर एकरी चार किलो सुकं शेवाळखत पुरतं. परिस्थिती अनुकूल असेल, तर एका हंगामात त्यातून एकरी दहा-बारा किलो नत्र मिळू शकतं. म्हणजे युरियाच्या साधारण अर्ध्या पोत्याची बचत. खर्च थोडीशी माती, थोडं फॉस्फेट आणि घरच्यांची मेहनत. म्हणूनच खड्डा बिघडला की जीवाला लागतं.

विषाणू म्हणजे काय?

नील-हरित शेवाळ दिसायला वनस्पतीसारखं असलं, तरी शास्त्रज्ञ आता त्याची गणना जीवाणूंत करतात. आणि जीवाणूंवर जगणारे विषाणू पाण्यात, मातीत, सगळीकडे असतात. तेव्हा शेवाळावर जगणारे विषाणू असणारच.

विषाणू किती लहान असतो? शेवाळावरचा एक नेहमीचा विषाणू घेतला, तर एका मिलिमीटरच्या अंतरात, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कमी जागेत, सोळा हजारांच्या आसपास विषाणू एका ओळीत बसतील. त्याला तोंड नाही, पोट नाही. तो स्वतः खात नाही, वाढत नाही. एका कवचात बंद केलेली वंशवाढीची चिठ्ठी, एवढंच त्याचं रूप.

पाण्यात तरंगत असताना हा विषाणू एखाद्या धोंड्यासारखा निर्जीव असतो. पण त्याच्या आवडीच्या शेवाळाची पेशी भेटली की तो तिला चिकटतो आणि आपली चिठ्ठी आत सोडतो. मग पेशी स्वतःचं काम सोडून त्या चिठ्ठीप्रमाणे राबू लागते. तिच्याच घरात, तिच्याच मालमसाल्यातून, नवे विषाणू तयार होतात. काही तासांत पेशी फुटते आणि एकाचे शेकडो विषाणू पाण्यात मोकळे होतात. त्यांतला प्रत्येक जण पुढची पेशी शोधतो. आता तुम्हीच हिशेब करा. एकाचे शंभर, शंभराचे दहा हजार, दहा हजारांचे दहा लाख! खड्डा दोन-तीन दिवसांत कसा रिकामा होतो, ते यावरून ध्यानात येईल.

यात एक गंमत आहे. शेवाळ उन्हाच्या उजेडावर आपलं अन्न तयार करतं. पेशी आजारी पडली की हे काम मंदावणार, आणि काम मंदावलं की विषाणूलाही शिधा मिळणार नाही. म्हणून समुद्रातल्या नील-हरित शेवाळाच्या काही विषाणूंनी काय केलं आहे? उजेडावर अन्न तयार करण्याच्या यंत्राचे सुटे भाग कसे घडवायचे, याची कृती त्यांनी आपल्या चिठ्ठीतच लिहून ठेवली आहे! हे शास्त्रज्ञांना २००३ साली कळलं. घरात शिरलेल्या चोराने घरधन्याची चूल विझू नये म्हणून येताना स्वतःच सरपण आणावं, तसलाच हा प्रकार.

हा शोध कसा लागला?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात सांडपाणी मुरवत ठेवण्याचं एक तळं होतं. त्या तळ्याच्या पाण्यातून सॅफरमन आणि मॉरिस या दोन संशोधकांनी १९६३ साली नील-हरित शेवाळ मारणारा पहिला विषाणू वेगळा काढला. तो लिंगबिया, प्लेक्टोनेमा आणि फॉर्मिडियम या तीन शेवाळांवर जगत होता. म्हणून या तिघांची आद्याक्षरं घेऊन त्याचं नाव ठेवलं एल-पी-पी.

आपला देशही मागे राहिला नाही. १९६७ साली आर. एन. सिंह आणि पी. के. सिंह यांनी भारतात असे विषाणू असल्याचं दाखवलं. पुढे १९७३ साली पी. के. सिंह यांनी हे विषाणू कुठे कुठे सापडतात, त्याची पाहणी प्रसिद्ध केली. ठिकाणं होती तीन : तळी, सांडपाणी आणि भातखाचरं.

ही तीन नावं नीट ध्यानात ठेवा. आपल्या खड्ड्यात रोग कुठून येतो, त्याचं उत्तर त्यातच आहे. तळ्याचं पाणी, गटाराचं पाणी आणि खाचरातली जुनी माती, या तिन्हींतून तो येऊ शकतो.

मग खाचरातलं शेवाळ शिल्लक कसं राहतं?

तुम्ही विचाराल, "विषाणू जर खाचरातच आहे, तर तिथलं शेवाळ केव्हाच संपायला हवं होतं. ते दर पावसाळ्यात पुन्हा येतं कसं?" प्रश्न रास्त आहे. याची कारणं तीन.

पहिलं कारण असं की विषाणू मोठा चोखंदळ असतो. एल-पी-पी विषाणू प्लेक्टोनेमाला मारील, पण शेजारच्या नॉस्टॉकला हात लावणार नाही. नॉस्टॉकचा विषाणू वेगळा, त्याचं प्लेक्टोनेमाशी काही देणंघेणं नाही. एका कुलपाला एकच किल्ली. खाचरात शेवाळाच्या अनेक जाती मिसळून असतात. एकीवर साथ आली, तर दुसरी तिची जागा घेते.

दुसरं कारण म्हणजे लाखो पेशींत एखादी अशी निघते की तिला विषाणू चिकटूच शकत नाही. साथ ओसरल्यावर तिचाच वंश वाढतो.

तिसरं कारण म्हणजे ऊन आणि विरळपणा. कडक उन्हाने पुष्कळ विषाणू निकामी होतात. शिवाय खाचरात एका जातीच्या पेशी दाट नसतात, त्यामुळे विषाणूला पुढची पेशी लवकर भेटत नाही. जत्रेत साथ झपाट्याने पसरते, पण माळरानावरच्या एकट्या घराला ती सहसा गाठत नाही, तसंच हे. आपला खड्डा म्हणजे शेवाळाची जत्राच असते!

आणि आणखी एक गोष्ट. खाचरात विषाणूने शेवाळाची पेशी फोडली, तर तिच्यातलं नत्र कुठे जातं? ते पाण्यात आणि चिखलात उतरतं. शेवाळ जिवंत आहे तोवर त्याने धरलेलं बरंचसं नत्र त्याच्याच अंगात कोंडलेलं असतं. ते मेलं, कुजलं, फुटलं, म्हणजेच भाताच्या मुळांना ते मिळतं. म्हणून लावणीनंतर खाचरातलं थोडंफार शेवाळ मरताना दिसलं, तर घाबरू नका. तिथे विषाणू सगळाच तोटा करतो असं नाही. नत्राचं जे चक्र चालू असतं, त्यातला तोही एक हात आहे.

समुद्रातही हेच चालतं. चमचाभर समुद्राच्या पाण्यात कोट्यवधी विषाणू असतात. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपैकी साधारण पाचवा हिस्सा विषाणूंमुळे रोज मरतो, आणि त्यांच्या फुटलेल्या अंगातून बाकीच्यांना पोषण मिळतं. कोकणातल्या बंधूंनी समुद्राकडे पाहताना हेही आठवावं.

थोडक्यात सांगायचं तर खाचरातला विषाणू आपला वैरी नाही, खड्ड्यातला मात्र नक्की आहे. कारण खड्ड्यात आपल्याला शेवाळ जिवंत आणि दाट हवं असतं.

खड्डा बिघडला, तर कारण कसं ओळखायचं?

शेवाळ नाहीसं झालं की लगेच विषाणूवर आळ घेऊ नका. आधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. पाण्यात डासांच्या अळ्या, गोगलगाई किंवा टाचणीच्या डोक्याएवढे पोहणारे किडे आहेत का? ते शेवाळ खातात. असे किडे पुष्कळ दिसले, तर चोर सापडला म्हणून समजा.

२. केसासारखं लांब, गर्द हिरवं शेवाळ वाढलं आहे का? ते खताचं शेवाळ नव्हे. ते जागा आणि उजेड अडवतं. हाताने किंवा काठीने गुंडाळून काढून टाकावं.

३. माती आम्लधर्मी आहे का? कोकणातल्या जांभ्या जमिनीत हे नेहमीचं आहे. नील-हरित शेवाळाला आम्लधर्मी माती मानवत नाही. माती तपासून चुना घालावा लागतो.

४. आभाळ सतत झाकोळलेलं होतं का? खड्ड्यात पानं कुजली का? जवळच औषध फवारलं होतं का? याचाही परिणाम होतो.

यांतलं काहीच नसेल, साय चांगली धरल्यानंतर तिला अधूनमधून वाटोळी भोकं पडून ती रुंदावत गेली असतील, शेवाळाचे तंतू तुटून पाणी पिवळट झालं असेल आणि दोन-चार दिवसांत सगळं विरघळल्यासारखं झालं असेल, तर विषाणूचा संशय घ्यायला जागा आहे.

घरची परीक्षा

साध्या काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्या. दोन्हींत स्वच्छ पाणी आणि चांगल्या, निरोगी खड्ड्यातलं चिमूटभर शेवाळ सारखंच घाला. आता बिघडलेल्या खड्ड्यातलं पाणी चौपदरी फडक्यातून गाळा, म्हणजे अळ्या-किडे निघून जातील. या पाण्याचे दोन भाग करा. एक भाग चांगला खळखळून उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. दुसरा तसाच ठेवा. पहिल्या बाटलीत उकळलेल्या पाण्याचे चार चमचे घाला, दुसरीत न उकळलेल्या पाण्याचे चार चमचे. बाटल्यांवर खूण करा. झाकण सैल ठेवा. उजेडात, पण भर उन्हात नाही, अशा जागी आठ दिवस ठेवा.

दोन्ही बाटल्यांतलं शेवाळ सारखंच राहिलं, तर रोग पाण्यात नाही, कारण दुसरीकडे शोधावं. पण उकळलेल्या पाण्याच्या बाटलीत शेवाळ टिकलं आणि न उकळलेल्या पाण्याच्या बाटलीत ते विरघळलं, तर पाण्यात काहीतरी रोगकारक आहे आणि ते उकळल्यावर मरतं, हे नक्की झालं. तो विषाणूच आहे की फडक्यातून निसटलेला दुसरा एखादा सूक्ष्म जीव, हे मात्र यावरून ठरत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. पण तुम्हाला पुढे जे करायचं आहे, त्याला एवढी माहिती पुरेशी आहे.

औषध आहे का?

नाही. स्पष्टच सांगतो. विषाणूवर बुरशीनाशक चालत नाही, जनावरांसाठी आणलेली प्रतिजैविकं चालत नाहीत. खड्ड्यात असलं काही ओतलं, तर विषाणू राहील आणि उरलंसुरलं शेवाळ मरेल. इथे इलाज एकच आहे : रोग येऊ न देणं, आणि आला तर पसरू न देणं.

रोग येऊ नये म्हणून

१. बियाणं मिश्र वापरावं. ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. शेवाळाच्या एकाच जातीवर विसंबू नका. नॉस्टॉक, ॲनाबिना, टॉलिपोथ्रिक्स, ऑलोसिरा अशा चार जाती एकत्र असलेलं बियाणं मागून घ्या. ज्वारीत तूर घेताना आपण काय विचार करतो? एक गेलं तर दुसरं हाती लागेल. इथेही तोच विचार. विषाणूकडे एका कुलपाची किल्ली असते, चार कुलपांची नाही. दुधाच्या मोठ्या डेअऱ्यांतही दह्याच्या विरजणाला विषाणू लागतो आणि दूध विरजत नाही. तिथेही विरजणाच्या जाती मिसळतात किंवा आलटून पालटून वापरतात. तोच धडा आपणही गिरवावा.

२. बियाणं खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात चौकशी करावी. शेजाऱ्याच्या खड्ड्यातली ओली साय तांब्यातून आणू नये. त्याच्या खड्ड्यात सुप्त रोग असेल, तर तो बियाण्याबरोबर तुमच्याकडे येईल.

३. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं वापरावं. तळ्याचं, ओढ्याचं, गटाराच्या तोंडचं पाणी खड्ड्यात घालू नये.

४. खड्डे दोन करावेत, आणि एकमेकांपासून दूर. मोठा एकच खड्डा करण्यापेक्षा हे बरं. साधारण साडेसहा फूट लांब, सव्वातीन फूट रुंद आणि नऊ इंच खोल असा खड्डा खणून त्यात जाड प्लास्टिक अंथरावं. त्यात आठ-दहा किलो चाळलेली माती, २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि चार-पाच इंच पाणी घालावं. माती निवळल्यावर बियाणं पसरावं. चांगलं ऊन असेल, तर दहा-पंधरा दिवसांत जाड साय धरते. मग पाणी आटू द्यावं आणि सुकलेल्या खपल्या गोळा कराव्यात. एका खेपेला एका खड्ड्यातून दीड-दोन किलो खपल्या मिळतात.

५. प्रत्येक खड्ड्याचा तांब्या, काठी आणि घमेलं वेगळं ठेवावं. एका खड्ड्यात हात घातला, तर धुतल्याशिवाय दुसऱ्यात घालू नये.

६. चांगल्या खेपेतल्या मूठ-दोन मूठ सुक्या खपल्या पुढच्या बियाण्यासाठी बाजूला काढून कोरड्या जागी ठेवाव्यात. रासायनिक खताच्या किंवा औषधाच्या पोत्याशेजारी ठेवू नयेत. ही तुमची शिल्लक. खड्डा बिघडला, तरी नव्याने सुरुवात करता येते.

रोग आलाच, तर

१. त्या खड्ड्यातलं पाणी दुसऱ्या खड्ड्याकडे किंवा विहिरीकडे वाहू देऊ नये. भाजीच्या वाफ्याला किंवा झाडाच्या आळ्यात सोडावं. हा विषाणू पिकाला लागत नाही.

२. त्या खड्ड्यातल्या खपल्या बियाणं म्हणून ठेवू नयेत. उकिरड्यात टाकाव्यात, खत होईल.

३. जुनी माती काढून टाकावी. ती त्याच खड्ड्यात पुन्हा वापरू नये. नवी माती खाचराबाहेरची, कोरड्या जागेची घ्यावी.

४. प्लास्टिक आणि भांडी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून आठ-दहा दिवस कडक उन्हात टाकावीत. ब्लीचिंग पावडरचा अंश राहिला, तर नवं शेवाळही मरेल, तेव्हा धुण्यात आळस करू नये.

५. नव्याने सुरुवात करताना बियाणं बदलावं. पूर्वीचंच बियाणं पुन्हा घालू नये.

६. रोज कामाला जाताना आधी निरोगी खड्ड्याचं काम उरकावं, शेवटी आजारी खड्ड्याकडे जावं.

गावतळ्याचा हिरवा तवंग : इथे सावध!

आता तळ्याकडे वळू. उन्हाळ्यात पाणी कमी होतं, त्यात शेणामुताचं आणि सांडपाण्याचं पाणी मिसळतं आणि तळ्यावर हिरव्या रंगासारखा दाट तवंग येतो. हेही बहुधा नील-हरित शेवाळच असतं, पण जात वेगळी. त्यात मायक्रोसिस्टिस नावाचं शेवाळ पुष्कळदा सापडतं. ते हवेतलं नत्र धरत नाही. म्हणून तळ्यावरचा तवंग खड्ड्यात बियाणं म्हणून कधीही घालू नका. शिवाय ते यकृताला घातक असं विष तयार करू शकतं. असं पाणी प्यायल्याने गुरं दगावतात.

या शेवाळालाही विषाणू लागतो. एखाद्या दिवशी तवंग एकाएकी नाहीसा होतो आणि पाणी स्वच्छ दिसू लागतं. लोक म्हणतात, "चला, तळं निवळलं," आणि गुरं पाण्यावर घालतात. इथेच घात होतो. शेवाळ जिवंत असताना विष बरंचसं पेशीच्या आत असतं. पेशी फुटल्या की ते पाण्यात उतरतं. म्हणजे तवंग गेल्यावर काही दिवस पाणी जास्तच धोक्याचं असू शकतं. पाणी उकळून हे विष जात नाही, हेही ध्यानात ठेवा. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरून वर येतात.

अमेरिकेत टोलेडो नावाचं शहर आहे. ते इरी नावाच्या प्रचंड सरोवराचं पाणी पितं. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात हे विष सापडलं आणि लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. शेवाळाच्या पेशी फोडून विष पाण्यात उतरवण्यात विषाणूंचाही हात असावा, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हटलं आहे. एवढ्या मोठ्या शहराची ही गत, तर आपल्या गावतळ्याची काय कथा!

तेव्हा तवंग दिसला की गुरं तिथे पाजू नका, आणि तवंग एकाएकी गेला तरी लगेच पाजू नका. विहिरीचं पाणी द्या. तळ्यात शेणाचं आणि सांडपाण्याचं पाणी जाणार नाही, अशी चर काढून घ्या. मूळ दुखणं तिथे आहे.

काही जण विचारतील, "मग विषाणूच सोडून तळं साफ करता येणार नाही का?" हा विचार शास्त्रज्ञांनीही १९६४ सालीच मांडला होता. पण अडचण तीच : विषाणू एकाच जातीला मारतो, बाकीच्या तशाच राहतात, आणि मारलेल्या जातीतल्या चिवट पेशी पुन्हा वाढतात. तेव्हा "शेवाळाचा विषाणू" म्हणून कुणी बाटली विकायला आलं, तर पैसे देण्यापूर्वी कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

थोडक्यात लक्षात ठेवा

● नील-हरित शेवाळाचा विषाणू भाताला, गुराला किंवा माणसाला लागत नाही. तो फक्त शेवाळाला लागतो, तेही ठरावीक जातीला.
● म्हणून बियाणं मिश्र, खड्डे दोन, पाणी विहिरीचं.
● बिघडलेल्या खड्ड्यातली साय, माती, पाणी पुढच्या खेपेला नको.
● औषध ओतू नका. ऊन आणि स्वच्छता हाच इलाज.
● लावणीनंतर आठवडाभराने, खाचरात पाणी साठलेलं असताना, एकरी चार किलो सुकं शेवाळखत फेकावं. त्यानंतर काही दिवस पाणी आटू देऊ नये. असं निदान तीन हंगाम लागोपाठ करावं, म्हणजे शेवाळ जमिनीत मुरतं.
● तळ्याचा तवंग एकाएकी गेला, तर पाणी स्वच्छ झालं असं समजू नका.

शेवाळखत म्हणजे गुरासारखंच एक जिवंत धन आहे. त्याला खायला लागतं, ऊन लागतं, आणि त्याला आजारही होतो. गोठ्यात एखादं जनावर आजारी पडलं की आपण त्याला वेगळं बांधतो, त्याची दावण झाडतो, दुसऱ्यांना त्याचं उष्टं पाणी पाजत नाही. तीच रीत खड्ड्याला लावा, म्हणजे विषाणू दाराशी आला तरी त्याला आत शिरायला वाव कमी राहील.

हे पत्रक जपून ठेवा. उन्हाळ्यात खड्डा खणायच्या आधी एकदा पुन्हा वाचा, आणि ज्याला वाचता येत नाही अशा शेजाऱ्याला वाचून दाखवा. एकाचा खड्डा निरोगी राहिला, तर आळीतल्या चार घरांना चांगलं बियाणं मिळतं.

रामराम!